बाबा त्या गाडीत बसले नाहीत

आमच्या माहेरी डोकं दुखण्याला एकच कारण असे, पित्त. उन्हातून आलं की पित्त, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात गोळा आला की पित्त, लग्न ठरेना म्हणून रडून डोळे सुजले तर तेही पित्तच. शनिवार पेठेतल्या आमच्या लहानशा घरात मोरावळ्याची बरणी देव्हाऱ्याशेजारी असायची आणि आईचा भरवसा दोन्हींवर सारखाच होता. त्यामुळे दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात माझं डोकं रोज संध्याकाळी ठणकायला लागलं, तेव्हा कोणी फार विचार केला नाही. आईने फोनवरच निदान केलं, "जेवायला उशीर करतेस. मग पित्त होणार नाही तर काय होणार?"

दुसऱ्यांदा म्हणाले, कारण पहिलं टिकलं नव्हतं. आदल्या वर्षी तिसरा महिना सरता सरता ते गेलं. असं होतं, यात कोणाची चूक नसते, असं डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. पण चूक कोणाची नाही म्हटलं की माणूस गप्प बसतो का? आम्ही ती बसवर ढकलली. आमचा फ्लॅट सिंहगड रस्त्याला आणि नोकऱ्या हडपसरला. त्या वर्षांत हडपसरच्या उसाच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या आणि निम्मं पुणं सकाळी कंपनीच्या बसमधून तिकडे निघालेलं असायचं. रस्ते मात्र जुनेच होते. मी मागच्या सीटवर बसून खड्डे खात जायचे. तेवढ्याने मूल जात नाही हे मला ठाऊक होतं, तरी कोणावर तरी राग काढायला हवा होता.

म्हणून या खेपेला नवऱ्याने आधी गाडी घेतली. तो अकोल्याचा. माणूस प्रेमळ, पण प्रेम दाखवायची त्याची रीत अशी की बोलायचं काही नाही, एकदम वस्तू आणून दारात उभी करायची. गाडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली, रंग मात्र छान निळा. "आता नाही बसायचं बसमध्ये," एवढंच तो म्हणाला आणि सीटवर माझ्या पाठीशी ठेवायला उशी घेऊन आला. त्या उशीसाठी मी त्याला बरंच काही माफ केलं आहे.

थोड्याच दिवसांत गाडीचा सायलेन्सर सडलेला निघाला. कंपनीचा नवा बसवायचा तर थांबावं लागणार होतं, आणि मला बसमध्ये पाठवायची तर त्याची तयारी नव्हती. ऑफिसातल्या कोणीतरी त्याला नाना पेठेतल्या एका दुकानाचा पत्ता दिला. संध्याकाळी तो आला तो गाडीचा आवाजच घेऊन आला. पार्किंगमध्ये शिरताना सगळ्या बाल्कन्यांत माणसं आली. सायलेन्सरच्या जागी एक जाड, चकचकीत नळकांडं बसलं होतं आणि आवाज रणगाड्यासारखा येत होता.

"मोकळा सायलेन्सर आहे," तो म्हणाला. "इंजिनाले श्वास घेता येते. पिकअप पाह्य कसा वाढला!"

"आणि पोलिसाने धरलं म्हणजे?"

"काहून धरंल? पीयूसी काढली ना मी!" त्याने धुराच्या तपासणीचा तो कागद काढून दाखवला. धूर तपासला, पास झाला, म्हणजे धूर सोडणारी नळीही पास, असा त्याचा हिशेब. खरं सांगायचं तर माझाही तोच होता. आमच्या ऑफिसात विचारलं असतं तर शंभरातल्या नव्वदांनी हेच सांगितलं असतं.

डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. आज हे वाक्य इतकं सरळ लिहिता येतं. तेव्हा मात्र एकाही शहाण्याला ते सुचलं नाही. सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत मळमळ, दुपारी जरा बरं, संध्याकाळी स्वारगेटच्या चौकात गाडी अडकली की कानशिलं उडायची. धूर-धूळ नको म्हणून नवरा काळजीने काचा घट्ट बंद ठेवायचा आणि एसी लावायचा. घरी पोचून मी अंधार करून पडायचे. आईने मोरावळा पाठवला, मग कोकम, मग सुंठ आणि साखर. ऑफिसातल्या बाईने स्क्रीनकडे कमी बघायला सांगितलं, जणू आमच्या नोकरीत दुसरं काही बघण्यासारखं होतं. डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं. सगळं ठीक. "विश्रांती घ्या," त्या म्हणाल्या.

मी भ्यायले होते. कोणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज रात्री झोपताना पोटावर हात ठेवून पडायचे आणि आत हललं की मगच कूस बदलायचे. हेही जातं की काय, एवढा एकच विचार असायचा. नवराही डोकं धरून बसलेला असायचा, पण तो गोळी घ्यायचा आणि स्वारगेटच्या सिग्नलला शिव्या घालायचा.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. आमच्याकडे मुलीला त्यासाठी माहेरी न्यायला घरचं माणूस येतं. भाऊ मला नाही, म्हणून बाबाच आले.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते विमा कंपनीत होते आणि उभी हयात गाड्यांच्या दाव्यांच्या टेबलावर बसले होते. अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो पाहत आणि नियम वाचत त्यांचं तारुण्य गेलं. परिणामी त्यांना रस्त्यावर गाड्या दिसतच नसत, भविष्यातले नामंजूर दावे दिसत. रिक्षात बसण्याआधी ते तिची पाटी वाचायचे. लग्नाच्या वरातीत टपावर चढलेल्या नवरदेवाच्या मित्रांना त्यांनी एकदा खाली उतरायला लावलं होतं, तेही मुलाकडच्यांचं मानपान चालू असताना. लहानपणी मला त्यांची लाज वाटायची. मोठेपणी कंटाळा यायचा.

त्या सकाळी ते बसने आले. चहा घेतला, आईने दिलेला लाडवांचा डबा नवऱ्याच्या हातात दिला, आणि माझी पिशवी उचलून खाली आले. नवरा उत्साहाने पुढे गेला, गाडी सुरू करून ठेवली. बाबा जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

"अहो जावईबापू, जरा बंद करता का?"

नवऱ्याने गाडी बंद केली. बाबा मागे गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, चष्मा नाकावर सारून खाली पाहिलं.

"हे काय लावलंय आपण?"

"सायलेन्सर आहे बाबा. जुना सडला होता. हा जरा मोकळा आहे."

"मोकळा आहे हे वरच्या मजल्यापर्यंत कळलं. आरटीओची परवानगी घेतलीत?"

नवरा हसला. "याले कशाची परवानगी? पीयूसी आहे न बाबा, हे पाहा."

बाबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "धुरात काय आहे एवढंच ते सांगतं. गाडी बनवणाऱ्याने जशी दिली, नोंदणीत जशी आहे, तशी ती ठेवायची असते. बदल करायचा तर आधी विचारायचं. सायलेन्सर आवाज कमी करायला असतो, वाढवायला नव्हे. आणि धूर कुठे सोडायचा याचाही नियम आहे. खाली नाही, डाव्या अंगाला नाही. उजवीकडे किंवा मागे. आपली नळी बंपरपर्यंत पोचतच नाही, आतच संपते."

"दुकानदार म्हणाला, काही नाही होत."

"दुकानदार दाव्यावर सही करायला येणार आहे का?"

वॉचमन बघत होता. पहिल्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालायचं विसरून उभ्या होत्या. जावयाला पार्किंगमध्ये, चारचौघांत, सासऱ्याने असं बोलणं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आमच्याकडे जावई म्हणजे पहिला पाट, पहिली वाढ, आणि तो चुकला तरी पाहिलं नाही असं करायचं. नवऱ्याचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "बाबा, असू द्या ना आता, पाच-सात किलोमीटर तर जायचंय."

बाबा माझ्याकडे वळलेही नाहीत. त्याच्याकडेच बघत म्हणाले, "मी या गाडीत बसणार नाही. आणि ही नीट होईपर्यंत माझी मुलगीही बसणार नाही."

मग आम्ही रिक्षाने गेलो. नवऱ्याने सोबत म्हणून मागे गाडी घातली आणि दांडेकर पुलापर्यंत ती रणगाड्यासारखी आमच्या मागून गर्जत आली. तिथून तो रागाने वळून परत गेला. मी धुमसत होते. "बाबा, सगळीकडे नियम आणलाच पाहिजे का?" मी विचारलं.

"आणलाच पाहिजे," ते म्हणाले आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

माहेरी दोन-तीन दिवसांतच माझं डोकं दुखायचं थांबलं. आईने मोरावळ्याला हात जोडले. मी भरपूर जेवत होते, दुपारी पंख्याखाली गाढ झोपत होते, आणि पोटातलं मूल असं उड्या मारत होतं की डोहाळजेवणाच्या दिवशी फुलांचे दागिने घालून बसले तर कमरपट्टा हलताना सगळ्यांना दिसला. झाकलेल्या वाट्यांतली मी एक उघडली. आत बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून बायका चिडवू लागल्या. नवरा मित्राच्या स्कूटरवरून आला होता. तो सगळ्यांशी बोलला, बाबा सोडून. बाबांनी स्वतः त्याच्या पानात दुसऱ्यांदा जिलबी वाढली, त्याने ती खाल्ली नाही. अकोल्याचा माणूस जिलबी पानात टाकतो म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते मला कळलं.

कार्यक्रम झाला तरी मी परत गेले नाही. बाबांनी शब्द मागे घेतला नाही, नवऱ्याने सायलेन्सर बदलला नाही, आणि दोघांच्या मध्ये मी आजारपणाची रजा टाकून शनिवार पेठेत बसले. रात्री फोनवर नवरा म्हणायचा, "तुह्या बाबांचा पेपर लय कठीण आहे बाप्पा." मी म्हणायचे, सोपा आहे, नळी बदल. तो विषय बदलायचा. पण घर रिकामं झालं होतं आणि त्याला एकट्याला वरणही धड करता येत नव्हतं. शेवटी एका शनिवारी तो गाडी घेऊन मोठ्या वर्कशॉपमध्ये गेला, कंपनीचा सायलेन्सर बसवून घ्यायला.

दुपारी, सगळी पेठ झोपलेली असताना, आमची बेल वाजली. एरवी बाबा या वेळी देवालाही दार उघडत नसत. नवऱ्याचा चेहरा पाहून आईने आधी पाणी आणलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि बोलायला लागला. गाडी वर उचलली तेव्हा ती नळी जोडाजवळ चिरलेली निघाली होती. धूर मागे जायच्या ऐवजी गाडीच्या पोटाखालीच सुटत होता. आणि बरोबर तिथेच गाडीच्या तळाचं एक रबरी बूच पडून गेलेलं, म्हणजे धूर आत यायला भोक मोकळं. डिकीतलं मॅट उचललं तर खालची बाजू काजळीने काळी. "आपण काच लावून बसत होतो," तो मला म्हणाला. "रोज. मीच लावून घेत होतो."

तो रडायला लागला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं, आदल्या वर्षी दवाखान्यातही नाही.

संध्याकाळी आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो, बाबाही आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. डोकं कधीपासून दुखत होतं, सुट्टीच्या दिवशी दुखायचं का, माहेरी आल्यावर कधी थांबलं, एकेक विचारत गेल्या. सुट्टीच्या दिवशी दुखत नव्हतं. हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा लक्षात आलं. मग त्यांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर त्या इतका वेळ मापं घेत राहिल्या की मी नवऱ्याचा हात दाबून दाबून पांढरा केला.

"वजन जरा कमी आहे," त्या अखेर म्हणाल्या. "बाकी ठीक. ठोके छान आहेत. धुरातला हा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, आईपेक्षा बाळाला जास्त बाधतो. अजून महिनाभर त्या गाडीतून फिरला असतात तर काय बघायला लागलं असतं, ते मी सांगत नाही. कोणाच्या लक्षात आलं हे?"

नवऱ्याने बाबांकडे पाहिलं. बाबा दाराशी उभे होते, टोपी हातात धरून.

"माझ्या नाही," बाबा म्हणाले. "धुराचं मला काय कळतं? नियम होता, म्हणून बोललो."

बाहेर आल्यावर नवऱ्याने दवाखान्याच्या जिन्यातच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाबा गडबडले. "अहो, हे काय करता आपण? बसली ना नळी कंपनीची? मग झालं तर." आणि त्या दिवशी ते गाडीत बसले, मागच्या सीटवर, माझ्या शेजारी. गाडी आवाज न करता निघाली. बाबांनी नळीचं नावही काढलं नाही. ओंकारेश्वराच्या अलीकडे मला दिसलं की ते रुमालाने चष्मा पुसताहेत आणि चष्म्याला काही झालेलं नाही.

मुलगी वेळेवर झाली, सडपातळ आणि खणखणीत आवाजाची. बाबांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा एकही नियम सांगितला नाही. ती नात त्यांना वाटेल तसं वागवायची आणि ते वागवून घ्यायचे. बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. आमच्या घरी कोणी आलं की नवरा ही गोष्ट सांगतोच, बाबांची नक्कल करून, "खाली नाही, डाव्या अंगाला नाही" म्हणत, आणि शेवटाला आला की दर वेळी पाणी प्यायला उठतो. आमची मुलगी बाबांच्या हट्टामुळे आहे, असं आम्ही दोघंही मानतो आणि उघड बोलतो. आई ते ऐकताना नेहमी गप्प असायची. मला वाटायचं, बाबांच्या आठवणीने.

मागच्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. दुपारी आम्ही दोघी जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होतो. मी असंच काहीतरी म्हणाले, बाबा त्या दिवशी ठाम राहिले म्हणून.

"कसले ठाम," आई म्हणाली. "तुला घेऊन आले आणि जेवले नाहीत. जावयाला चारचौघांत बोललो, चुकलंच माझं, असं दिवसभर. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून निघाले होते तुझ्या घरी. माफी मागतो म्हणाले, आणि सांगतो, कार्यक्रमाला गाडी घेऊन या आणि तिला घेऊन जा."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. "मग?"

"मग काय? मी दारात उभी राहिले. म्हटलं, जायचं नाही. मी त्यांना असं कधी बोलले नव्हते, म्हणून ऐकलं."

"म्हणजे तुला पटलं होतं बाबांचं?"

"छे गं. मला तो सायलेन्सर कुठे असतो ते अजूनही माहीत नाही." आई एक एक पान खुडत होती. "तो गाडी घेऊन आला असता तर जेवण होताच तू गेली असतीस. आदल्या वेळी तुझं ते सगळं झालं तेव्हा मी तुझ्याजवळ नव्हते. मला कळवलंस ते दोन दिवसांनी. माझं दुखणं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. या वेळी तुला डोळ्यांआड करणार नव्हते मी. म्हटलं, बरं झालं भांडले. चालू राहू दे यांचं भांडण, पोरगी माझ्याकडे राहील."

आतल्या खोलीत माझी मुलगी फोनवर कोणाशी तरी मोठ्याने हसत होती. मी आईला मिठी मारली.

"अगं, कोथिंबीर चुरगळतेय," आई म्हणाली.